निळ्या पेटीची आतली कडी

हितं पोलीस न्हाईत, जावईबापू, आता हे मी तुमाला दुसऱ्यांदा सांगतीय. वर लिहिलंय ते मलाबी दिसतंय — 'पोलीस चौकी', हातभर अक्षरं हायेत — पन लिहिलंय म्हनून आत फौजदार बसलाय व्हय? पेटी हाय ती. लाकडाची पेटी. आत दोन मानसं उभी ऱ्हायली तर तिसऱ्याला शिंकायला जागा न्हाय. अन तेजश्री म्हनाल तर मी न्हाय बघितली. सकाळधरनं हितंच हाय मी, च्याचं आधन उतरवून ठेवलं अन ह्यो रंगाचा डबा घेऊन बसले, रस्त्यानं कोन आलं कोन गेलं बघायला येळ कुठाय मला. कोन म्हनलं? तुमच्या सासूबाई म्हनल्या? ठमाबाई म्हनली, 'लेक चौकीकडं गेली'? मंग ठमाबाईलाच इचारा की. तिची लेक, तिचा जावई, मधी ही ताईबाई कशाला? मी च्या इकते, चौकी चालवत न्हाय. बसा तितं बाकड्यावर. न्हाय बसत? उभं ऱ्हावा मंग. कऱ्हाटीवरनं वडापाच्या जीपात कोंबून आलायसा, तेवढंच पाय मोकळं व्हत्याल.

तुमचा एकट्याचा दोष न्हाय म्हना. सगळी दुनिया फसती. मागल्या उन्हाळ्यात पिंपळीचा एक म्हातारा शेळी चोरीला गेली म्हनून आला अन दारापुढं मांडी घालून बसला — साहेब जेवायला गेल्यात असं समजून. मी म्हनते आबा, साहेब न्हाय हितं, त्यो म्हनतो व्हय व्हय, जेवू द्या त्यास्नी सावकाश. दुपार टळली तरी हालंना. शेवटाला मीच त्याची तक्रार ऐकून घेतली — शेळी कसली, शिंगं कशी, कुनावर वहीम हाय — ऐकली बाबा, काय करनार, तवा कुठं उठला. आता मला सांगा, माझं दूध तिकडं उतू चाललंय अन मी शेळीची शिंगं ऐकतीय. ह्या पेटीनं माझं असं किती दूध गेलं असंल.

अन ही बला आनली कुनी? आमच्याच मानसांनी. बाबासाहेबांच्या जन्माला शंभर वर्सं झाली, त्या सालची जयंती. मंडळाचा संघपाल, शाळेत मास्तर हाय त्यो, म्हनला औंदा मिरवनुकीत लंडनचा देखावा करायचा — बाबासाहेब तितं शिकले, तर लंडन कसं असतं ते वस्तीला दिसू दे. आता लंडन कुनी बघितलंय? कुनीच न्हाय. शेजारच्या कुशाबाईच्या घरी एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा व्हता, डाळ ठेवायची ती त्यात — त्यावर लंडनचं चित्र. मोठं घड्याळ, लाल बस, अन कोपऱ्यात ही निळी पेटी, शेजारी टोपीवाला पोलीस उभा. घड्याळाला बांबू पुरंनात, बसला चाकं कुठनं आनायची — पन पेटी निळी. निळी म्हनल्यावर मंडळाची पोरं उठून उभीच ऱ्हायली, आपलीच हाय म्हनली. अन आमच्या मालकांच्या अंगात आलं. आमचं मालक, बाजीराव — नाव घेते मी, लाज कसली — सोमेश्वरनगरला कारखान्यात सुतारकी करत्यात. मशिनीची खोकी येत्यात ना, त्याचं देवदार गोळा केलं, बाभळीची चौकट केली, अन बसलं डबा पुढ्यात घेऊन. चित्रातला पोलीस केवढा धरायचा ह्यावर अख्खी बैठक झाली. संघपाल म्हनला इंग्रज उंच असतो, धरा सहा फूट. मंडळातला दत्तोबा म्हनला टोपीसकट का बिगरटोपीचा? मंग टोपी धरली, टोपीवर वाईच मोकळं धरलं, त्यावर छप्पर, त्यावर दिवा — झाली का पेटी दहा फुटाची. मिरवनुकीत वायरींना लागाय लागली. पुढं दोन पोरं बांबूनं वायरी उचलत चाललेली, मागं लंडन.

अन मिरवनूक संपल्यावर? समाजमंदिराच्या दारातनं आत जाईना. आडवी केली, जाईना. तिरकी केली, जाईना. 'ताईबाई, दोन दिस तुझ्या टपरीशेजारी ठिवतो.' ते दोन दिस अजून सरत्यात. पोरांची लग्नं झाली, संघपालला पोर झालं, पेटी हाय तिथंच.

चौकी? ते सर्जेराव पेंटरचं काम. बारामतीत ट्रकच्या मागं लिहितो त्यो. संघपालनं इंग्रजीत काढलं व्हतं, पन म्हाताऱ्यांस्नी वाचता येईना, म्हनून खाली मराठीत लिहायला ह्याला आनला. कागदावर लिहून दिलं व्हतं, 'पोलीस पेटी'. ह्यानं लिहिलं 'पोलीस चौकी'. इचारलं तर म्हनतो, पेटी मतांची असती, पेटी वाजवायची असती, पोलिसाची असती ती चौकी — तुमचं चुकलं व्हतं, मी बरोबर करून दिलं. आता ह्या मानसाला काय म्हनावं? मंग एक दिस खरा जमादार आला फटफटीवर. पुसा म्हनला. पुसलं — म्हंजे वरनं निळा हात मारला. पन सर्जेरावाचा रंग असला चिवट, दोन उन्हाळ्यांत निळा उडला अन खालनं चौकी परत वर. तवापासनं जमादार काय बोलत न्हाय. येतो, सावलीला फटफटी लावतो, च्या पितो, जातो.

ए — ए, तिकडं कुठं? लांबनं बघा. रंग वला हाय. बाकड्याकडं या म्हनते ना.

न्हाय, तुमाला वाटत असंल म्हातारी पाल्हाळ लावतीय. लावतीय तर लावतीय. कुनाला सांगू मी? मालक हप्त्याच्या सुट्टीला येत्यात, आल्यावर आधी पेटीभोवती चक्कर मारत्यात, बोटानं हितं टोकर तितं टोकर, अन मंग मला इचारत्यात, च्या हाय का गं. अन वर्सभर हिचं करतं कोन? मी. वरचं छप्पर सपाट केलंय. चित्रात सपाट दिसतंय म्हनून सपाट. लंडनला पानी पडत न्हाय व्हय? पावसाळ्यात वर तळं साचतं. मी गोनपाट टाकून डांबर वतते, उन्हाळ्यात ते पातळ हून चौकटीवरनं खाली येतं, मंग ते रॉकेलनं पुसा. बुडाला वाळवी, तिला गॅरेजातनं जळकं ऑइल आनून पाजा. पावसाळ्यात दार फुगतं, उघडत न्हाय. उन्हाळ्यात वाळतं, बसत न्हाय. ह्या मावळतीच्या अंगाला तर रंग टिकतच न्हाय, जयंती आली की परत खरवडा, परत लावा. निवडनूक आली की पोस्टरं चिकटवत्यात, ती काढताना रंगबी येतो. एक ट्रॉलीवाला ऊस भरून चालला व्हता, त्यानं ह्यो कोपरा उडवला, अन थांबला का? न्हाय. वरचा दिवा म्हंजे लोनच्याची बरनी हाय पालथी, त्यात गांधीलमाशा. खिडक्यांच्या काचा पोरांनी दगडं मारून फोडल्या, मंग मालकांनी दवाखान्यातनं जुने एक्सरे आनून लावलं — आधीच निळे असत्यात, रंगाचा खर्च न्हाय. सकाळी ऊन आलं की कुनाची बरगडी दिसती, कुनाचा गुडघा. त्यो मधला माझा हाय. मनगट. हिरीवर पडले व्हते — म्हंजे दवाखान्यात तसंच सांगितलं.

काय? व्हय, सांगते की तेजश्रीचं, सांगायला काय हाय माझ्याजवळ? बरी पोरगी. लहानपनी हितंच माझ्या टपरीत कपबश्या विसळायची, आमच्या हाताखाली वाढली. चवथी येळ ही, न्हाई? ती माहेरी यायची अन तुमी न्यायला यायची. अन ठमाबाई दर येळेला काय म्हनायची, नांदायला जा, पोरी, सगळ्यांच्या घरी चालतं. ह्या खेपेला न्हाय म्हनली ठमाबाई तसं. ह्या खेपेला पोरीचा डोळाच उघडत न्हवता. — न्हाय, बघितली कुठं मी? ठमाबाई म्हनली. रडत म्हनली. तुमचं नाव समाधान कुनी ठेवलं, जावईबापू? मी आपलं इचारते.

आता ते दार कशाला ढकलताय? ढकलून काय उपयोग न्हाय, आतनं कडी लावली की ते —

काय म्हनले मी?

काय न्हाय म्हनले. व्हय, हाय कडी. आतनं. लंडनला आतनं असती का न्हाय मला ठाव न्हाय, हितं हाय. पेटीला आतनं कडी कशाला? हे बघ, लाथ घालायची न्हाय. पाय खाली. पाय खाली घे म्हनते. चार दिसांवर जयंती आलीय, अन जयंतीच्या पेटीला तू लाथ घातलीस तर वस्तीतलं एक घर गप बसायचं न्हाय, अन तू जावई हायेस का कोन हायेस हे कुनी इचारायचं न्हाय. गळ्यात तुझ्याबी निळा रुमाल हाय. हां. तसं.

असंल आत. नसंल. मी काय सांगू? दार उघडल्याबिगर कळनार न्हाय. आता तुला बघायचंच हाय ना? मंग माझ्या रीतीनं बघ. वर दिव्याच्या बाजूला भोक हाय, तिथनं तार सोडली की कडी उचलती. मालकांनी मुद्दाम ठेवलंय, एकदा एक पोरगं खेळता खेळता आत अडकलं व्हतं. मी वर चढते. शिडी आनून टेकव हिकडनं — रस्त्याच्या बाजूनं न्हवं, हिकडनं, तिकडं उतार हाय. अन दोन्ही हातांनी धर. गुडघं गेल्यात माझं, अन शिडीची एक पायरी मालक 'उद्या बसवतो' म्हनून सहा महिनं झालं बसवत्यात. सोडशील अन पडंन मी, मंग बायको ऱ्हायली बाजूला, म्हातारीचा खून अंगावर यायचा. धरलीस? नीट धर. वर बघ, माझ्या पायाकडं. हालती.

हं. दे ती तार. रंगाचा डबाबी दे वर — आलेच हाय तर छपराची कडा मारून घेते, दुसऱ्यांदा कोन चढनार हितं. घाई कसली तुला? आत असंल तर आत हाय, उडून जायची न्हाय. कडी अशी सोपी न्हाय उचलायला, गंज चढलाय.

तू इचारलंस ना, आतनं कडी कशाला. कुनी इचारलं न्हाय आजवर. बाप्यांनी तर न्हायच. सांगू का? मीच लावून घेतली. पेटी आली त्याच सालची गोष्ट, पावसाळ्याच्या तोंडाला. देवदाराच्या फळ्या उरल्या व्हत्या चार, टपरीच्या मागं पडून. जळान वलं झालेलं, मी त्यातली एक फोडून चुलीत घातली. मालक आलं अन बघितलं. आता आमचं मालक पीत न्हाईत, जुगार न्हाय, चार लोकांत बोलनं गोड, जयंतीला भाषान करत्यात — कुनाला सांगितलं तर खरं वाटायचं न्हाय. पन हात उचलायचा म्हंजे उचलायचा. दुपारची येळ, गिऱ्हाईक बसलेलं. मी पळाले अन कुठं जावं कळंना, तर ह्या पेटीत शिरले अन दार वढून पदर मुठीला गुंडाळून धरला. कडी न्हवती तवा. मालक आलं, पाय उचलला — दाराच्या फटीतनं मला दिसत व्हतं — अन तसंच थांबलं. एका पायावर. ह्याच दाराच्या पॅनेलला महिनाभर रंधा मारलेला त्यांनी, रोज हात फिरवून बघायचे, जनू लेकराच्या पाठीवरनं. पाय खाली घेतला. अन बाहीर बसलं. अन मला काय म्हनलं माहितीय? म्हनलं, 'पॅनेलला टेकू नगंस, आतला रंग अजून वला हाय.'

धर नीट, हालतीय.

लई लागलं ते मला. माराचं लागायचं ते लागायचं, दोन दिसांनी जायचं. पन माझ्या अंगावर पडताना त्यो हात कधी असा थांबला न्हवता रे. फळीसाठी थांबला. मी आत उभी ऱ्हाऊन रडले ती त्यासाठी रडले, भ्यायले म्हनून न्हाय. इतकी वर्सं संसार केला, पोरं वाढवली, अन देवदाराच्या खोक्याएवढी पन माझी किंमत न्हाय का? अन हे मी कुशाबाईलाबी सांगितलं न्हाय, तुला कशाला सांगतीय कुनाला ठाव. तू कोन माझा.

मंग संध्याकाळी बाहीर आले अन मी त्यास्नी म्हनले, ह्या दाराला आतनं कडी लावा. त्यांनी कशाला म्हनून इचारलं न्हाय. लावली. चार स्क्रू मारून, पितळेची, कारखान्यातनं आनून. तवापासनं माझ्यावर हात न्हाय उचलला. लाज वाटली का भ्यालं का आनखी काय, मला ठाव न्हाय, मी इचारलं न्हाय. पन ही पेटी पडू द्यायची न्हाय हे मी तवा ठरवलं. मंडळाची पोरं कवाच मोडून टाका म्हनत व्हती. मी म्हनले मी बघते. वाळवी मी बघते, डांबर मी बघते. शिव्या घालते तिला, घालनारच, जीव खाल्ला तिनं माझा — पन बघते. वस्तीतल्या किती जनी त्या कडीमागं बसून गेल्यात, नावं सांगनार न्हाय मी. बाहीर बाप्या येतो, पाय उचलतो, वर बघतो, चौकी लिहिलंय. खोटी हाय हे ठाव असतं त्याला, तरी पाय खाली येतो. सर्जेरावाला शिव्या घालते मी, पन पेटी लिहिलं असतं तर न्हाय जमलं असतं हे.

यष्टीच हाय ती, फाट्यावर थांबतीय, तिकडं काय बघायचंय? वर बघ. मान वळवलीस की शिडी सरकती. आता आली बघ तार कडीला. आली — सुटली. परत आली. ह्या गंजाच्या तर... थांब, घंटी वाजू दे, त्या गाडीच्या आवाजात कडी उचलल्याचा आवाज कळत न्हाय मला. गेली? गेली गाडी. हं.

वढ आता दार.

ढकलू नगं, वढ. बाहीर उघडतं ते.

बघितलंस? जुना खराटा, डांबराचा डबा, अन गोनपाट. कडी लागलेलीच न्हवती. वल्या रंगानं दार चिकटलंय नुसतं. मावतीय का तेजश्री त्या डब्यात, बघ हात घालून.

खोटं? ठमाबाई खोटं न्हाय बोलली, पोरगी चौकीकडंच आली व्हती — पहाटेलाच, पोर कडेवर घेऊन. पेटीत नगं म्हनले मी, लेकराला उकडंल. माझ्या घरात निजवली दोघांस्नी. मागल्या दारानं फाटा किती लांब हाय, तुला ठाव हाय. तुझी पाठ व्हती तिकडं. मी कुठं तुला वळू नगं म्हनले? शिडी धर म्हनले.

कुठल्या गाडीनं? आता ते मला काय ठाव. तू उभा असताना दोन गेल्या, एक बारामतीकडं अन एक इंदापूरकडं. मी वर व्हते, टपावरची धूळ दिसली मला, बोर्ड न्हाय. अन दिसला असता तरी.

शिडीला हात लावू नगंस आता. हालव की, हालव. पन आधी वाईच मागं वळून बघ. त्या उंबऱ्यावर कुशाबाई, तिची सून, पलीकडं तुझी सासू, त्या नळावरच्या — मघापासनं हंडं भरल्यात त्यांचं, तरी घरी गेल्या न्हाईत. कुनाला मोजायचं असंल त्यानं मोजावं. कुनी काय करायची न्हाय. नुसत्या उभ्या हायेत.

तुमाला कऱ्हाटीला वडाप समोरनं मिळंल, जावईबापू. निघा. ऊन चढायच्या आत मला ही बाजू उरकायचीय.